तेहतीस फूट

आमचं गाव तेव्हा साताऱ्यात होतं.
गाव कुठं गेलं नाही, येरळेच्या काठी होतं तिथंच आहे,
जिल्हा तेवढा सरकला.
म्हणून मी, सांगली जिल्ह्यातली, रजा टाकून
विट्याहून पहाटेच्या एसटीनं
खापरपणजाला शोधायला साताऱ्याला आले.

घरात त्याचं एवढंच उरलेलं: आडनाव.
साखळे.
सत्तावन्न साली गोऱ्यांनी बेड्या घातल्या,
सुटून आला तरी पायावरचा वळ गेला नाही,
तेव्हापासून आपण साखळे, असं अण्णा सांगत.
पंधरा ऑगस्टला शाळेत सांगत, सोयरिकीच्या बैठकीत सांगत,
एकदा तर विम्याच्या एजंटलाही सांगितलं.
वळ डाव्या पायावर की उजव्या, ते दर वर्षी बदलायचं.

अभिलेख कक्षात तीन दिवस.
लाल फडक्यांतली दप्तरं, गाठी दातांनी सोडाव्यात अशा,
आणि मोडी वाचायला पटवेकर,
ज्यांना अक्षराआधी शाईचा वास कळतो.
पहिल्या दिवशी तुरुंगाची बुकं काढली.
चोर निघाले, गुरं पळवणारे निघाले,
सख्ख्या भावाच्या गंजीला आग लावणारा एक निघाला.
आमचा कुणी नाही.
दुसऱ्या दिवशीही नाही.
तिसऱ्या दिवशी पटवेकर म्हणाले, बाई,
कैदी सोडा आता, नोकर बघू.

मोजणी खात्याच्या हजेरीत तो सापडला.
हैबती बिन सटवा. साखळीवाला.
दरमहा साडेचार रुपये.

तेहतीस फुटांची लोखंडी साखळी, तिचे सोळा आणे,
एक टोक ह्याच्या हाती, दुसरं कुणा लखू बिन बाळाच्या.
साहेब झाडाखाली, कारकून छत्रीखाली,
आणि हे दोघं सरळ रेघेत,
बाभळीतून, ओढ्यातून, लोकांच्या शिव्यांतून.
ज्या बांधांपायी आमची भावकी आजही कोर्टात जाते
ते बांध ह्याच्या साखळीनं कागदावर आले.
ह्याच्या नावावर एक गुंठा नाही.

पुढच्या पानावर दंड.
चैत्र वद्य अष्टमी. साखळी ढिली धरली, सबब दोन आणे.
मला एकदम बरं वाटलं.
म्हटलं, बघा, मुद्दाम धरली असणार,
कुणा एकट्या बाईची जमीन कमी भरावी, सारा हलका व्हावा.
बेड्या नसतील, पण हे तरी.
पटवेकरांनी चष्मा पुसला. त्यांचे वडील मोजणीदार होते.
साखळी ढिली पडली तर जमीन जास्त भरते, बाई.
सारा वाढतो.

मग बराच वेळ मी त्या दोन आण्यांकडे बघत बसले.
चैत्रातलं ऊन. तापलेलं लोखंड.
हात भाजला असेल, एवढंच.
किंवा भूक लागली असेल.
खाली निशाणी आहे. कुणब्यासारखा नांगर नाही काढलेला,
एक कडी काढलीय,
वाकडी, आणि एका बाजूनं उघडी राहिलेली.

पोवई नाक्यावर उसाचा रस घेतला.
तेवढ्यात अण्णांचा फोन.
सापडला?
सापडला.
साखळी होती ना?
होती.
ते गप्प झाले. मागं कुणीतरी बादली ठेवली.
मग हळूच, इतकी वर्षं स्वतःलाच विचारत आल्यासारखं,
पायात, का हातात?

हातात, अण्णा.

बरं, म्हणाले. म्हणजे चालता येत होतं त्याला.
खूप चालला, मी म्हटलं.
स्टँडवर गाडी लागली होती.